मोकळा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाच्या! दोन पेट्या, चार बोचकी, वाटेतच मान टाकलेलं कुंडीतलं एक रोप आणि मान टाकणं म्हणजे काय हे ठाऊकच नसलेल्या आमच्या सहा वर्षांच्या टिचकीबाई. नोकरी मिळाली तीच मोठी गोष्ट होती, त्यात राहायला जागाही. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

खाली कोशाचं कार्यालय, वर आमच्या दोन खोल्या आणि मध्ये लाकडी जिना. पायऱ्या एकवीस. पहिल्या दहा मिनिटांत टिचकीने त्या दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा वीसच भरल्या होत्या. जिन्याखाली तिरकी, अंधारी जागा आहे. तिथे जुन्या कागदांचे गठ्ठे आणि स्टुलावर कार्यालयाचा टेलिफोन. खोल्या उजेडाच्या आहेत. नळाला पाणी आहे. माझ्यासारख्या बाईला आणखी काय हवं!

संध्याकाळी आमचा जुना खेळ नव्या जिन्यावर खेळून झाला. ती खालून तिसऱ्या पायरीवर उभी राहते, मी खाली हात पसरते आणि म्हणते, "टाक उडी, मी आहे." मग ती डोळे मिटून उडी टाकते. तिचे बाबा गेले तेव्हापासून, गेली दोन वर्षं, हा खेळ एकही दिवस चुकलेला नाही. डोळे मिटलेलं ते तोंड मी दरवेळी बघत राहते. एवढा भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकलेला नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कार्यालयात आम्ही तिघंच. मुख्य संपादक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, वय सत्तरीपुढे. चित्र काढणाऱ्या चित्रकारबाई, ज्या कुंचला तोंडात धरून बोलतात आणि तरी थांबत नाहीत. आणि मी, नवी मुद्रितशोधक, लोकांच्या चुका काढण्याचे पैसे मिळवणारी बाई.

काम मात्र झकास. कथा-कहाण्यांतल्या प्राण्यांचा कोश! चाळीस वर्षं चाललाय आणि आता 'व'पर्यंत आलाय. मी दिवसभर कार्डं चाळत बसले. सावलीतून दूध देणारी गाय, उंचीला घाबरणारा उडता घोडा, गावातले निवाडे करणारं गाढव. एक कासव आहे, पाठीवर अख्खं गाव घेऊन फिरतं आणि गावकऱ्यांना त्याचा पत्ताच नाही. मला वाटतं, लहानपणी वाचलेल्या गोष्टींतली माणसं आपण विसरतो, जनावरं मात्र जन्मभर सोबत राहतात.

एकच गोष्ट खटकली. प्रत्येक कार्डावर पाच रकाने आहेत: नाव, रूप, आवाज, वस्ती, खाद्य. आणि प्रत्येक कार्डावर एक रकाना मोकळा. कुणाचा आवाज नाही, कुणाची वस्ती नाही. चित्रांतही तेच, एखाद्याला खूर नाही, एखाद्याला कान नाही. मी विचारलं तर नाना म्हणाले, इथला पहिल्यापासूनचा नियम आहे, एक रकाना मोकळाच ठेवायचा. का, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"पाचही भरले की प्राणी पुरा होतो, बाई. आणि पुऱ्या झालेल्या प्राण्याला पुस्तकात काय काम?"

चित्रकारबाई हसल्या, म्हणून मीही हसले. मनात म्हटलं, आळसाला काय, कारण लागतंच. माझ्या मेजावर 'पूर्ण' असा रबरी शिक्कासुद्धा आहे, चाळीस वर्षांत बहुधा कधी न वापरलेला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बस्तान बसलं. टिचकीची शाळा साडेबाराला सुटते, माझं काम पाचला. मधले साडेचार तास माझ्या जिवाला घोर. शाईच्या दौती आणि कार्डं यांच्यामध्ये नाना मुलांना येऊ देत नाहीत आणि त्यांचं चूक नाही. ती वर जेवते आणि मग पाटी घेऊन जिन्यात, त्या तिसऱ्या पायरीवर, माझी वाट बघत बसते. मेजावरून मला तिचे फक्त बूट दिसतात. हलणारे बूट दिसले की मी पुढची ओळ वाचते.

तिला सध्या काना-मात्रा नसलेलेच शब्द वाचता येतात. म्हणून मी कागदावर हुकूम लिहून दाखवते आणि ती ते पाळते. ऊठ. बस. पळ. हस. 'हस' वाचलं की इतकी खिदळते की चित्रकारबाई दारातून डोकावतात. रात्रीच्या जेवणाआधी मी तिला कोशातला एकेक प्राणी सांगते. उंचीला घाबरणारा घोडा तिला आपला वाटला.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एक वेगळंच कार्ड मिळालं. 'व'च्या खणात, अगदी मागे. माझ्या आधी इथे जे शोधक होते त्यांच्या हातचं. ते अर्ध्या महिन्याचा पगारही न घेता निघून गेले, असं चित्रकारबाई म्हणतात. उतरवूनच ठेवते.

नाव: वाटपाह्या. रूप: वासराएवढा, करडा, गुडघे माणसासारखे, तोंड पाहिल्याचं कोणी सांगत नाही. आवाज: ज्याची वाट पाहिली जाते त्याचा. वस्ती: मूल एकटं बसतं अशा घरात, जिन्याखाली. खाद्य: मोकळं.

संध्याकाळी टिचकीला सांगितला तर ती हिरमुसली. म्हणाली, म्हणजे तो इतकी वर्षं उपाशी आहे? कुणी लिहिलंच नाही म्हणून? मी समजूत घातली की गोष्टीतला प्राणी उपाशी नसतो. तिला पटलं नाही. निम्मं जेवण तिने पानात टाकलं.

मला राहवलं नाही. लेकीचा हट्ट तर होताच, पण खरं सांगायचं तर हात माझाच शिवशिवत होता. रिकामी जागा दिसली की मला अस्वस्थ वाटतं, पोळपाटावर पीठ सांडलेलं दिसावं तसं. खाली जाऊन कार्ड काढलं. उगाच भयंकर काही लिहायला नको म्हणून विचार करून, छान अक्षरात लिहिलं: मूल आपल्या हाताने देईल ते. असा प्राणी कुणाला काय त्रास देणार? शिक्क्याला थोडी शाई लावली आणि 'पूर्ण' असा ठसा उमटवला. फार बरं वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

घसा बसलाय. जुन्या कागदांची धूळ असणार. नाना म्हणाले गुळण्या करा.

टिचकीच्या डब्यातली बिस्किटं हल्ली लगेच संपतात. विचारलं तर म्हणाली, दिली. कुणाला? तर माझ्याकडे बघून हसत सुटली, जणू मीच गंमत करते आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डाव्या पायातला मोजा नाही. पाटीवरची पेन्सिल नाही. मी रागावले, म्हणजे जमेल तितकी रागावले, आवाज घोगरा फुटतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तूच मागितलंस ना.

शाळेतून आल्यावर दमून झोपली असेल, स्वप्न पडलं असेल. मुलांचं काय खरं धरायचं? पण आज मी मेजाची दिशा बदलली. आता बुटांबरोबर गुडघेही दिसतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी तिचा पुढचा दात पडला. पहिला दात! मी तो कागदाच्या पुडीत बांधून तिच्याकडे दिला आणि म्हटलं, जपून ठेव, मावशी आली की दाखवू. पाच वाजता पुडी होती, दात नव्हता.

काय झालं ते तिने शहाण्यासारखं सांगितलं. दुपारी मी जिन्याखालून हाक मारली. टिचके, दात बघू गं, असं म्हटलं. तिने वाकून दोन पायऱ्यांमधल्या फटीतून हात आत घातला आणि दात दिला. माझा हात गरम होता, म्हणाली.

दुपारभर मी मेजावरून उठलेली नाही. नाना साक्षीला आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कंदील घेऊन भर दुपारी जिन्याखाली पाहिलं. गठ्ठे. टेलिफोन. धूळ. त्या धुळीत दोन गोल खळगे, शेजारी शेजारी. कुणी गुडघे टेकून बसावं तसे.

घुशीचा प्रताप असेल असं स्वतःला सांगितलं. घूस गुडघे टेकत नाही, हेही मीच स्वतःला सांगितलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उजवी वेणी नाही. कानाजवळून कापलेली. कात्री माझ्याच टोपलीतली.

मी तिला छातीशी धरून रडले. ती माझीच पाठ थोपटत होती. "आई, तू म्हणालीस ना, तुला माझी वेणी फार आवडते. म्हणून दिली."

आज मी स्वतः ऐकलं. साडेतीनच्या सुमारास. मेजावर बसले होते, तोंड मिटलेलं होतं आणि जिन्याकडून माझा आवाज आला. घोगरा नाही. स्वच्छ, पूर्वीचा, लाडात येऊन बोलणारा. मी धावले. टिचकी एकटीच होती. फटीत हात घालून बसलेली.

माझा घसा धुळीने बसलेला नाही. तो तिकडे बोलतो तेवढा माझा कमी होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नानांना सगळं सांगितलं. निम्मं कुजबुजून, निम्मं लिहून. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं आणि बराच वेळ ते झाकणच फिरवत राहिले. माझ्या आधीच्या शोधकांनाही ते कार्ड भरायचा मोह झाला होता. नानांनी त्यांच्या हातातून लेखणी काढून घेतली होती, त्याच दिवशी ते नोकरी सोडून गेले. कार्ड जाळायला हवं होतं, म्हणाले. चाळीस वर्षांच्या कामातलं एकही कार्ड माझ्या हातून जाळवलं नाही, म्हणाले.

उपाय एकच. ज्याने भरलं त्यानेच पात्याने एक रकाना खरवडायचा. कुठलाही. प्राणी पुन्हा अपुरा होतो.

खण उघडला. कार्ड नाही. सगळे खण उपसले, चित्रकारबाईंनी त्यांची कपाटं उपसली. नाही.

टिचकी दारात उभी होती. एक वेणी, एक मोजा. म्हणाली, ते काल तू मागितलंस. शिक्कावालं कार्ड. मी खणातून काढून दिलं. आई, तू ते चावून का खाल्लंस?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताईला फोन केला. माझी मोठी बहीण, दोन तासांवर राहते. मी बोलत होते, तिला ऐकू जात नव्हतं. तिने ठेवून दिला. मग मेसेज पाठवला, होईल तेवढ्या लवकर गाडी घेऊन ये. रविवारी दहाला येते म्हणाली. त्याआधी गाडी मिळत नाही.

चित्रकारबाई आज आल्या नाहीत. नाना आले, पण बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. आत येववत नाही, म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. संध्याकाळी टोपी हातात घेऊन गेले.

टिचकीला वरच ठेवलं, दाराला कडी. करमणूक म्हणून कागद घेतला. ऊठ. उठली. बस. बसली. हस.

तिने वाचलं. नीट वाचलं. हसली नाही. जमतच नव्हतं तिला, ओठ ताणून बघितले.

हसू कधी दिलंस, असं लिहून काय उपयोग, तिला वाचता कुठे येतंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आता आवाज अजिबात नाही. खोकलासुद्धा फुटत नाही.

उद्यापर्यंत थांबायचं नाही असं सकाळी ठरवलं. एका हातात पिशवी, कडेवर टिचकी. एकवीस पायऱ्या आणि दार. एवढंच तर आहे. दहा उतरलो. अकरावी. जिन्याखालून माझा आवाज आला, शांत, काळजीचा —

"टिचके, तुला कडेवर घेतलंय ती कोण गं?"

टिचकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली, तिचे मुके घेतले, ओठ हलवून आई आई म्हणत राहिले. तिचे गुडघे माझ्या पोटाला लागत होते. तोंडातून शब्द नाही. ती किंचाळली. हातातून निसटून वर पळाली आणि पलंगाखाली शिरली.

दुपारपासून माझ्याजवळ येत नाही. मी पाऊल टाकलं की मागे सरते. भिंतीशी बसून मला मोजते — डोळे, हात, गुडघे.

तिच्या जागी मी असते तर — आई बोलते. ही बोलत नाही. ही नुसती बसून वाट बघते.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी नऊ

तोंड धुवायला गेले तेवढ्यात मोबाईल वाजला. ताईचा मेसेज. 'बरं झालं सकाळी फोन केलास, आवाजही सुटला तुझा. आता नाही येत मग, पुढच्या आठवड्यात बघू.'

कार्यालयाचा फोन जिन्याखाली आहे. स्टुलावर.

लगेच उलट पाठवलं. ये. मी नव्हते. ये. पोचलं की नाही कळत नाही —

सव्वानऊ

कडी काढलेली. पलंगाखाली नाही.

जिन्यात आहे. खालून तिसऱ्या पायरीवर. पाठ माझ्याकडे. एक वेणी. खाली अंधारात काही तरी करडं, हात पसरल्यासारखं — तोंड दिसत नाही —

मी एक पायरी उतरले, ती अर्धं पाऊल पुढे सरकली. माझ्यापासून लांब. आणखी एक उतरले तर —

म्हणून वरच बसले आहे. पायरीवर ही वही. कठडा पेन्सिलीने वाजवला. तिने वळून पाहिलं. माझं अक्षर ती ओळखते. माझं अक्षर त्याला कुणी दिलेलं नाही. पानभर मोठं लिहून दाखवलं —

बस

ओठ हलले तिचे. ब. स. माझ्याकडे बघते आहे. अक्षराकडे. पुन्हा माझ्याकडे —

अजून एक पान —

वर बस

खालून माझा आवाज. इतका गोड मी कधी बोलले नाही. टाक उडी, मी आहे —

टिचके बघ अक्षर बघ

बस

बस

तिने डोळे मिटले. गुडघे वाकवले — बसायला, की